मोकळी गाडी उसळते

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक गाडीचं दुखणं तोंडानं सांगत नाही, अंगानं सांगतं. गॅरेजच्या दारात उतरलं की आधी दोन्ही हात पुढं धरतं, स्टिअरिंग धरल्यासारखे, आणि मग गुडघ्यात वाकून वर-खाली व्हायला लागतं. "अशी करती बघा मिस्त्री. अशी!" एकदा राहुरीचे एक प्राध्यापक भर रस्त्यावर इतक्या उड्या मारत होते की समोरचा चहावाला पाण्याचा तांब्या घेऊन धावला. त्याला वाटलं, साहेबांना फिट आली. मी आपला खुर्चीत बसून बघत असतो. अर्धं निदान तिथंच होतं. एक दणका दाखवून गिऱ्हाईक थांबलं तर स्प्रिंग कडक. थांबायचं नावच घेईना, तर शॉकअप गेलेला. आणि डोकं टपाला आपटल्याची खूण केली तर गाडी ठणठणीत आहे, रस्ता आमच्या जिल्ह्याचा आहे.

या अंकाच्या संपादकांनी निरोप दिला, "मिस्त्री, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." आता काय सांगायचं? आमच्या धंद्यात गंमत गिऱ्हाईकाची होते आणि कंबर आमची जाते. जन्मभर गाड्यांखाली उताणं पडून लोकांच्या पाठी सांभाळल्या, आता स्वतःची पाठ सकाळी उठताना वाजते. पण लिहा म्हणाले तर लिहितो. नानांच्या गाडीचं लिहितो, कारण त्या गाडीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच उस्तादानं शिकवलं नाही.

आधी धंदा सांगतो. माझं गॅरेज नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला. पाटीवर 'साळवे सस्पेन्शन वर्क्स' आहे. काम एवढंच, की चाक आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये जे काही असतं ते नीट ठेवायचं. इंजिनाला मी हात लावत नाही. या मधल्या जागेत दोन वस्तू महत्त्वाच्या. स्प्रिंग वजन झेलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगला आवरतो. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि उसळी मारून परत वर येते. तिला मोकळं सोडलं तर ती गावाला पोचेपर्यंत उसळतच राहील. म्हणून शेजारी शॉकअपची नळी, तिच्यात तेल. ते तिला म्हणतं, पुरे बाई, बस आता. संसारातसुद्धा एकजण झेलतो आणि एकजण आवरतो. पण ते जाऊ द्या, हा अंक आमच्या घरीपण येतो.

कंपनीनं दिलेली स्प्रिंग कुणालाही पसंत नसते. कॉलेजातली पोरं स्प्रिंग कापून गाडी रस्त्याला टेकवतात, मग पहिल्या स्पीडब्रेकरला तिचं पोट फाटतं. पुढाऱ्यांचं उलटं. त्यांना गाडी वर पाहिजे. आमच्याकडे पुढाऱ्याची पत गाडीच्या उंचीवरून कळते. ग्रामपंचायतीचा सदस्य असला तर कंपनीची उंची चालते. सरपंच झाला की दोन बोटं वर. जिल्हा परिषदेची स्वप्नं पडायला लागली की टायरसुद्धा मोठे लागतात. आमदार मात्र परत कंपनीच्या उंचीवर येतो, कारण तोवर गुडघे गेलेले असतात आणि त्याला चढवत नाही.

नाना यातल्या मोठ्या टायरच्या पायरीवर होते. तिसगावच्या बाजूचे. आडनाव सांगत नाही. थोडी डाळिंबं, गोठ्यात म्हशी, आवाज खणखणीत, आणि चौकातल्या फ्लेक्सवर नावाआधी 'भावी जिल्हा परिषद सदस्य'. भावी हे आमच्याकडचं सगळ्यात टिकाऊ पद. त्याची मुदत संपत नाही आणि त्याच्यावर कुणी अविश्वास ठराव आणत नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा पांढरी सात सीटची गाडी दारात थांबली आणि तिच्यातून माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. माझा फिटर रफिक पाना हातात धरून बघत राहिला. अकरा निघाले. शेवटी दत्तू उतरला. दत्तू म्हणजे नानांचा खास माणूस. नानांच्या आधी हसायचा, नानांच्या आधी रागवायचा, आणि नाना बोलायच्या आधीच "बरोबर हाय" म्हणायचा.

"मिस्त्री, गाडी मागनं बसती," नाना म्हणाले. "वेशीतल्या ब्रेकरला घासती. गावात आवाज जातो. लोक हासत्यात."

"माणसं कमी बसवा," मी म्हणालो. मला असं फटकन बोलायची खोड आहे.

दत्तूनं माझ्याकडं असं बघितलं, जसा मी नानांचा राजीनामाच मागितलाय. नाना मात्र समजूतदारपणे म्हणाले, "मिस्त्री, कार्यकर्त्याला जागा न्हाई म्हणून चालत न्हाई. सकाळी न्हाई म्हणलं की दुपारी समोरच्याच्या गाडीत दिसतो."

मुद्दा खरा होता. पुण्याच्या कुणा भाच्यानं त्यांना ऑनलाइन मागवून दिलेलं किट डिकीतच होतं. जाडजूड हेवी ड्युटी स्प्रिंगा, सोबत लालभडक शॉकअप. माल वाईट नव्हता. मी एवढंच विचारलं, "नाना, गाडी कायम अशीच भरलेली असते ना? ही स्प्रिंग वजनाची आहे. वजन असेल तरच नीट चालेल."

नाना हसले. त्यांच्या आधी दत्तू हसला. "मिस्त्री, न्हाव्याकडं जायचं म्हणलं तरी चौघं संगट येत्यात."

झालं तर मग. स्प्रिंगा चढवल्या. गाडी चार बोटं वर आली. कंपनीच्या काढलेल्या स्प्रिंगा नाना भंगारात घाला म्हणाले. मी घालत नाही. खडूनं गाडीचा नंबर टाकतो आणि मागच्या भिंतीला टांगून ठेवतो. हौसेनं काढलेली वस्तू माणूस कधीतरी परत मागायला येतो, एवढं या धंद्यात मला कळलंय. मग अकराच्या अकरा आत कोंबून ट्रायल झाली. पोटातलं पाणी हललं नाही. दत्तू म्हणाला, "मिस्त्री, इलेक्शन झालं की तुमचा सत्कार."

सत्कार राहिला, कारण इलेक्शनच राहिलं. आज लागेल, उद्या लागेल, दिवाळीनंतर लागेल, पावसाळ्यानंतर लागेल. आरक्षणाचं अडलं, कोर्टात अडलं, जिल्हा परिषदेत प्रशासक येऊन बसले आणि आमच्या भागातले सगळे भावी तसेच भावी राहिले. गाड्या तयार, फ्लेक्स तयार, ढाब्यावर रोजचं टेबल तयार. नानांची गाडी कधी रस्त्यानं जाताना दिसायची. हॉर्न वाजायचा, मी हात वर करायचो.

बऱ्याच दिवसांनी नाना परत आले. स्वतः गाडी चालवत होते. शेजारच्या सीटवर एक बाई, दोन उशा पाठीला लावून, वरची दांडी दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. नाना उतरले आणि माझ्यासमोर गुडघ्यात वाकून वर-खाली व्हायला लागले. "अशी उडती बघा. बैलगाडी बरी."

त्या बाई म्हणजे वहिनी. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. मणक्याचं ऑपरेशन झालेलं. दर आठवड्याला व्यायाम आणि शेक घ्यायला नगरला यावं लागायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसू द्यायचा नाही. मणका परत सरकला तर परत कापायला लागेल, आणि दुसऱ्या वेळेला पायाची खात्री देता येत नाही. आणि ही गाडी त्यांना करंजीच्या घाटातून उडवत आणायची. दवाखान्यात जे बरं व्हायचं ते घरी पोचेपर्यंत मोडायचं. मग दोन दिवस आडव्या.

"मिस्त्री, तुमच्या हातनंच बसवलंय," नाना म्हणाले. "आता काय ते बघा. हिचं मला भ्या वाटतंय."

मलाही वाटलं. काम माझ्या हातचं होतं आणि पाठ एका बाईची होती.

गाडी उसळते म्हटल्यावर काय बघायचं, याची रीत आहे. कोपऱ्यावर वजन टाकून गाडी दाबायची आणि सोडायची. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप जिवंत आहे. मग तेल गळतंय का ते बघायचं, टायरची हवा बघायची, बुश बघायचे. बुश म्हणजे सांध्यांतली रबरं. मी सगळं बघितलं. हवा जास्त होती, ती कमी केली. मग ट्रायल.

आता आमच्याकडची ट्रायल तुम्हाला सांगितली पाहिजे. गाडी ट्रायलला निघाली की गॅरेजमध्ये कुणी मागं राहत नाही. मी चालवणार. आवाज ऐकायला रफिक मागं. रफिक चुकला तर म्हणून दुसरा फिटर. गाडीचा मालक तर पाहिजेच. आपल्या गाडीची वाट बघत बसलेली दोन गिऱ्हाईकं, बसून कंटाळलीत म्हणून. चहावाला, पेट्रोल पंपावर त्याची उधारी आहे म्हणून. ट्रायल पंपापर्यंत असते, कारण तिथं ओळीनं ब्रेकर आहेत. सगळे डोळे मिटून ऐकतात आणि परत आल्यावर प्रत्येकजण आपलं मत देतो. मोठ्या हॉस्पिटलात काय डॉक्टर बसतील एवढे आमच्याकडे एका गाडीला बसतात.

वहिनी बाकावर थांबल्या आणि आम्ही सगळे गेलो. गाडी मऊ चालली.

"हवाच होती," मी म्हणालो. नाना खूश होऊन गेले. पुढच्या आठवड्यात परत आले. वहिनींचा चेहरा पांढराफटक.

मग मी बुशचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी ठेवून परत आवळले. चाकं लटकत असताना आवळले तर रबर पिळून राहतं, म्हणून. भरगच्च ट्रायल. गाडी मऊ. पुढच्या आठवड्यात परत तीच रड. मग कंपनीचे नवे शॉकअप घातले. ट्रायल झाली, चहावाल्यानंसुद्धा सर्टिफिकेट दिलं. पुढच्या आठवड्यात वहिनींना गाडीतून उतरवायला दोघांना हात द्यावा लागला.

मी हात टेकले. आयुष्यात पहिल्यांदा असं दुखणं बघितलं, की वैद्यासमोर आलं की बरं होतं. गॅरेजमध्ये रफिक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला, घरात कुणी गेल्यासारखा. तिकडं नानांनी स्वतःचं निदान काढलं होतं. "मिस्त्री, हे साधं न्हाई. विरोधकांनी केलंय कायतरी." पुढच्या खेपेला गाडीला पुढं लिंबू-मिरची, मागं काळी बाहुली आणि आरशाला कसलासा ताईत. गाडी पूर्वीसारखीच उडत होती, फक्त आता बाहुलीपण उडत होती.

त्या दिवशी मी परत खाली शिरून सगळं तपासलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणालो, "चला, ट्रायल." रफिकनं दार उघडलं, चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. तेवढ्यात बाकावरून वहिनी बोलल्या. आवाज चढवून नाही, भाजीवालीला पालक शिळा आहे म्हणावं तसं.

"तुमी समदे बसल्याव ती कशाला उडंल? आमी दोघंच असल्याव उडती."

सगळे थांबले. नाना म्हणाले, "तू गप. मिस्त्रीला काम करू दे."

"मी पहिल्यापास्नं सांगतीया," वहिनी म्हणाल्या. "कुनी ऐकाया पायजे ना."

मी रफिकला खाली उतरवलं. चहावाल्याला स्टोव्हकडे पाठवलं. नानांना बाकावर बसायला सांगितलं, आणि वहिनींना म्हणालो, "वहिनी, तुम्ही आणि मी. चालेल? मी अगदी हळू नेतो."

त्यांनी उशा लावल्या, दांडी धरली. पंपाजवळचा पहिला ब्रेकर आला. रांगत नेली तरी गाडीनं मागून अशी लाथ मारली की माझी टोपी पुढं आली. शेजारून एक बारीक आवाज आला. मी गाडी बाजूला घेतली आणि कपाळावर हात मारला. माझी लाज माझ्या तोंडावर अशी आली होती की आरशात बघवेना. वजनाची स्प्रिंग वजनाशिवाय दबत नाही. दबत नाही म्हणून खड्डा झेलत नाही, सरळ वर पाठवून देते. हे मीच नानांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मीच प्रत्येक ट्रायलला गाडी माणसांनी भरून तिचं दुखणं झाकत होतो.

"वहिनी," मी म्हणालो, "ती अकरा माणसं कुठं गेली?"

वहिनींनी श्वास जागेवर येऊ दिला. मग म्हणाल्या, "दोघं पुन्याला शिकुरिटीत लागली. एकानं हाटेल टाकलं. बाकीची पांगली. दत्तू समोरच्याकडं गेला. परवा वाढदिवसाच्या बोर्डाव त्याचा फोटू हुता." थोडं थांबून म्हणाल्या, "त्या समद्यांच्या भाकरी मीच थापल्या. दोन्ही टायमाला. तवाच पाठ गेली. तवा ह्या गाडीत मला कदी जागा न्हवती, मिस्त्री. आता जागा हाय तर पाठ न्हाई."

गाडी पायी चालल्यासारखी परत आणली.

आता नानांना सांगायचं होतं. इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, हे सांगायची मला सवय आहे. माणसं गेली हे कसं सांगायचं?

"नाना, फॉल्ट सापडला," मी म्हणालो. "स्प्रिंग अकरा माणसांची आहे."

"मंग?"

"गाडीत दोन बसतात."

नानांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते गाडीकडं बघत राहिले. रफिक उगाच एक स्वच्छ पाना परत पुसायला लागला.

"कंपनीच्या जुन्या स्प्रिंगा आहेत माझ्याकडे," मी म्हणालो. "आत्ता बसवतो. वहिनींना आराम पडेल."

"आन गाडी?"

"चार बोटं खाली येईल."

"न्हाई," नाना म्हणाले. "गाडी खाली आली तर गाव काय म्हनंल? नाना बसला म्हनंल. इलेक्शन कवाबी लागंल, मिस्त्री. वजनच पायजे ना? वजन टाकतो."

आणि टाकलं. पुढच्या आठवड्यात नाना आले तेव्हा मागच्या सगळ्या सीटवर सरकी पेंडीची पोती बसलेली. काळ्या काचेतून बघितलं तर पोतं आणि कार्यकर्ता यांत फरक कळत नव्हता. मधल्या एका पोत्याला तर पांढरी टोपी होती. ती कुणी घातली ते मी विचारलं नाही. पण खोटं कशाला बोलू, गाडी सुरेख चालली. पोती चहा मागत नव्हती, खिडकीतून थुंकत नव्हती आणि पक्ष बदलत नव्हती. वहिनीसुद्धा जरा हसून म्हणाल्या, "ह्यांना भाकरीबी लागत न्हाई."

पण पेंड होती ती. घरी म्हशी होत्या. म्हशींचं खाणं गाडीत बसून नगरला फिरतंय हे गड्याला किती दिवस पटणार? रोज एक पोतं उतरायचं. नाना कधी भरायचे, कधी विसरायचे. म्हशी खात गेल्या तसा नानांचा पाठिंबा कमी होत गेला आणि गाडी परत हळूहळू उसळायला लागली.

एक दिवस सकाळी गॅरेजसमोरच्या थांब्यावर पाथर्डीहून येणारी एसटी थांबली. आधी कंडक्टर उतरला, आणि त्याच्या हाताला धरून, एक एक पायरी उतरत, वहिनी. कमरेवर हात. डोळ्यांत पाणी. बसच्या पाठोपाठ ती पांढरी उंच गाडी येऊन थांबली. आत नाना एकटे. मागं एक पोतं, तेही अर्धं, सीटवर कलंडलेलं. टोपी खाली पडलेली.

घाटातल्या पहिल्याच वळणावर धक्का बसून वहिनी ओरडल्या होत्या. गाडी थांबवायला लावून खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून एसटीला हात केला. नाना विनवण्या करत राहिले. कंडक्टरनं पुढची सीट मोकळी करून दिली. मग घाटापासून माझ्या गॅरेजपर्यंत पुढं एसटी आणि मागं भावी सदस्यांची मोकळी गाडी, अशी मिरवणूक. बसच्या मागच्या काचेला तोंडं लावून लोक बघत होते. त्यांतले निम्मे नानांच्या गटातलेच मतदार.

वहिनी बाकावर बसल्या. चहावाल्यानं पाणी दिलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मिस्त्री, ह्यांच्या गाडीपरीस एसटी बरी. तिच्यात मानसं असत्यात."

नाना ऐकत उभे होते. त्यांचं तोंड मी जवळून बघितलं. इतके दिवस मला त्यांचा राग यायचा, त्या दिवशी आला नाही.

"काढा त्या स्प्रिंगा," शेवटी म्हणाले. "जुन्या भंगारात घातल्या आसतील न्हाई?"

मी मागच्या भिंतीकडं बोट केलं. खडूचा नंबर अजून वाचता येत होता.

स्प्रिंगा बदलत होतो तेव्हा नाना माझ्याशेजारी उकिडवे बसून होते. गाडी जॅकवरून खाली घेतली, ती नेहमीपेक्षा खाली आली, चार बोटं, आणि थांबली. नाना तिच्याकडं बघत म्हणाले, "अकरा हुते हो, मिस्त्री." एवढंच. मग उठले, बाकाजवळ गेले आणि वहिनींना म्हणाले, "चल. आता न्हाई उडायची." ट्रायल घेतलीच नाही. मीच म्हणालो, नको. त्या दोघांनीच जावं. संध्याकाळी नानांचा फोन आला. घाटातच ही झोपली, म्हणाले. घर आल्यावर उठवावं लागलं.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. एवढं तर कुठल्याही गाडीचं होतं. पण शेवटी एकदाचं इलेक्शन लागलं. आणि आरक्षणाच्या सोडतीत नानांचा जिल्हा परिषद गट निघाला महिलेसाठी राखीव.

फ्लेक्स बदलले. फोटो वहिनींचा, शेजारी नानांचा, नानांचा थोडा मोठा. एक दिवस पांढरी गाडी दारात आली ती मागून बसलेली, ब्रेकरवर धाडकन आवाज करत. थांबली आणि माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. शेवटी दत्तू उतरला. माझ्याकडं बघून हसला, जणू मधेच चहा प्यायला जाऊन परत आलाय.

"मिस्त्री," नाना म्हणाले. आवाज परत खणखणीत झाला होता, छाती बाहेर. "त्या हेवी स्प्रिंगा ठेवल्यात ना? बसवा. गाडी घासती."

"बरोबर हाय," दत्तू म्हणाला.

हेवी स्प्रिंगा भिंतीवरच होत्या. मी रफिकला खूण करणार तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि वहिनी उतरल्या. आता कुणाचा हात लागत नव्हता. इरकली साडी, पाठीला पट्टा, आणि चाल सावकाश पण सरळ.

"मिस्त्री, आता हायेत त्या स्प्रिंगा किती मानसांच्या?"

"कंपनीच्या हिशेबानं सात, वहिनी. ड्रायव्हर धरून."

वहिनी वळल्या आणि माणसांकडं बघायला लागल्या. पंगतीत वाढताना बघावं तसं, एकेकाच्या तोंडाकडं. दोन बायका होत्या, त्यांना म्हणाल्या, तुमी बसा. एक म्हातारे शिक्षक होते, त्यांना बसवलं. एक पोरगा होता, जो मधल्या काळात न बोलावता म्हशींची धार काढून द्यायचा, असं मला नंतर कळलं. त्याला बसवलं. ड्रायव्हर बसला.

मग एकच जागा उरली, सगळ्यात मागची, आखूड. दत्तू पुढं सरकला.

"ह्यांना बसू द्या," वहिनी नानांकडं बघून म्हणाल्या. "बाकीच्यांनी एसटीनं या. समोरच थांबा हाय. मी आलीया तिनं, लई बरी हाय."

"अगं, कार्यकर्त्याला जागा न्हाई म्हनून चालत न्हाई," नाना हळू आवाजात म्हणाले.

"माजी पाठ हाय," वहिनी म्हणाल्या. "ती जेवढी झेलंल तेवढीच मानसं."

नाना माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीकडं बघितलं. रफिकनं पाना खाली ठेवला. मग नाना आतून वाकत, गुडघे छातीला लावत, मागच्या आखूड सीटवर जाऊन बसले. गेल्या खेपेला तिथं पोतं होतं. वहिनी पुढं बसल्या. उशी नव्हती, दांडीही धरली नाही.

गाडी निघाली. पंपाजवळचा पहिला ब्रेकर आला तेव्हा मागच्या काचेतून मला नाना दिसले. वहिनी धरायच्या तशी त्यांनी वरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि मान खांद्यात ओढून घेतली होती. गाडी ब्रेकरवर चढली, उतरली आणि गेली. उडाली नाही. नाना तसेच दांडी धरून बसलेले, दिसेनासे होईपर्यंत.